रोप जीव धरते तेव्हा

वाफ्यातून वांग्याचे रोप उपटताना हाताला बारीक कटकट जाणवते. माती कोरडी असेल तर ती ऐकूही येते. रोप हातात येते, पण त्याच्या मुळांचा सर्वांत नाजूक आणि सर्वांत कामाचा भाग वाफ्यातच राहून जातो. लावणीनंतर रोप मान टाकते. दोन-चार दिवस शेतकरी येता-जाता त्याच्याकडे पाहतो आणि एका सकाळी समाधानाने म्हणतो, "आता जीव धरला."

जीव धरला म्हणजे रोपाने नेमके काय धरले? मुळाच्या पेशींत डोकावले तर याचे उत्तर मिळते. ते कळले की रोप कधी उपटावे, कसे न्यावे, पहिले पाणी किती द्यावे, खत कधी द्यावे, बागेत नांगर कुठवर न्यावा, हे सारे निर्णय सोपे होतात. मुळाला जखम होणारच. लावणी, कोळपणी, खुरपणी, बहाराची मशागत यांपैकी एकही काम मुळे न दुखावता होत नाही. त्या जखमेचे पुढे काय होते, हे मात्र बरेचसे आपल्या हातात असते.

पेशीभोवतीचे दोन पदर

मुळाच्या प्रत्येक पेशीला बाहेरून एक कणखर भिंत असते. तिला पेशीभित्तिका म्हणतात. तिच्या आतून चिकटून असते ते पेशीपटल. हे पटल स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे बनलेले असते आणि इतके पातळ असते की एका मिलिमीटरचे एक लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढीही त्याची जाडी भरत नाही. पेशीतले पाणी, साखर आणि क्षार आत धरून ठेवायचे, जमिनीतले हवे ते आत घ्यायचे आणि नको ते बाहेर ठेवायचे, ही सगळी जबाबदारी या पातळ पडद्यावर असते.

या पडद्यावर ताणही मोठा असतो. पाण्याने भरलेली पेशी आतून भिंतीवर रेटत असते. हा दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दुप्पट-तिपटीएवढा सहज असतो. म्हणूनच हिरवे रोप ताठ उभे राहते. शिवाय पटलाच्या आत आणि बाहेर विजेच्या दाबातही फरक असतो. आतली बाजू बाहेरच्या मानाने साधारण 100 ते 200 मिलिव्होल्टने ऋण असते. पटलात बसलेले सूक्ष्म पंप ऊर्जा खर्चून हा फरक टिकवतात आणि त्याच्याच जोरावर मूळ जमिनीतून अन्नद्रव्ये आत ओढते. पंपांना ऊर्जा हवी आणि ती ऊर्जा तयार करायला मुळाला प्राणवायू हवा. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडणार आहे.

स्वयंपाकघरात करून पाहा

पटल म्हणजे काय, हे एका बीटच्या कंदावर सहज दिसते. खातो तो बीट म्हणजे मुख्यतः फुगलेले सोटमूळच असते. त्याचा लाल रंग पेशीच्या आतल्या पाण्याच्या पिशवीत, म्हणजे रिक्तिकेत असतो. बाहेर यायचे तर त्याला रिक्तिकेचे पटल आणि पेशीपटल असे दोन पडदे ओलांडावे लागतात.

बीटचे धारदार सुरीने सारखे चौकोनी तुकडे करा आणि पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवा. काही तुकडे थंड पाण्यात ठेवा आणि तेवढेच कडक गरम पाण्यात. आणखी थोडे तुकडे फ्रीझरमध्ये रात्रभर गोठवून सकाळी साध्या पाण्यात सोडा. थंड पाणी बराच वेळ जवळजवळ स्वच्छ राहते. गरम पाणी आणि गोठवलेल्या तुकड्यांचे पाणी लालभडक होते. उष्णतेने आणि बर्फाच्या स्फटिकांनी पटले फाटलेली असतात. आता तेवढ्याच वजनाचा बीट किसणीवर किसून थंड पाण्यात टाका. उष्णता नाही, बर्फ नाही, तरी पाणी लगेच लाल होते. धारदार सुरी थोड्याच पेशी कापते, किसणी असंख्य पेशी फाडते.

शेतातली बोथट कुदळ किसणीसारखीच वागते. रोपांच्या मुळांतूनही जखमेनंतर असाच रस झिरपतो, फक्त तो रंगहीन असल्यामुळे आपल्याला दिसत नाही. वनरोपवाटिकांमध्ये रोपांच्या मुळांची तपासणी याच तत्त्वावर करतात. मुळे शुद्ध पाण्यात ठेवून त्या पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतात. क्षार जितके जास्त झिरपले असतील, तितकी पटले जास्त फाटलेली आणि रोप जगण्याची आशा तितकी कमी.

जखमेनंतर पहिली काही मिनिटे

जिचे पटल पूर्ण फाटले ती पेशी वाचत नाही. तिच्यातला दाब क्षणात उतरतो, विजेचा फरक नाहीसा होतो आणि आतला रस शेजारणींभोवती पसरतो. या रसातूनच शेजारणींना बातमी कळते. ग्लुटामेट नावाचे अमिनो आम्ल आणि पेशीचे ऊर्जाचलन असलेले एटीपी, ही दोन्ही एरवी पेशीच्या आतच असतात. ती बाहेर सापडली की शेजारच्या पेशींच्या पटलावरचे ग्राहक रेणू ती ओळखतात. मग कॅल्शियमची दारे उघडतात. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी जास्त असते. त्यामुळे दार उघडताच ते आत धावते आणि आतली संरक्षणाची यंत्रणा जागी होते.

वनस्पतींच्या विजेच्या प्रतिसादांवर आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी शतकापूर्वीच काम केले होते. या विषयावरचा त्यांचा एक मोठा ग्रंथ 1906 साली प्रसिद्ध झाला. 2018 मध्ये जपानी आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतल्या एका छोट्या रोपाचे पान दुखावले आणि कॅल्शियमची लाट त्या पानापासून दुसऱ्या पानांपर्यंत पोचताना चित्रित केली. ती लाट सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर वेगाने जात होती. म्हणजे एका टोकाला झालेली इजा काही मिनिटांत रोपभर पोचलेली असते.

मुळाच्या बाबतीत आणखी एक शोध शेतकऱ्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे. मूळ कायम जिवाणू-बुरशींच्या गर्दीत राहते. प्रत्येकावर ते चवताळून उठले तर वाढायला ऊर्जाच उरणार नाही. स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठात 2020 मध्ये दिसून आले की जिवाणूंची खूण समोर असूनही मुळाचा बराचसा भाग शांत राहतो. पण लेझरने एखाददुसरी पेशी मारली की तिच्या आसपासच्या पेशी त्याच खुणेला जोरदार प्रतिसाद देतात. मूळ रोगजंतूंशी लढते ते मुख्यतः जिथे जखम आहे तिथे. जखमा थोड्या असतील तर ही ताकद पुरते. रोप ओरबाडून उपटले, तर मुळाच्या अंगभर एकाच वेळी लढाई सुरू होते आणि वाढ थांबते.

जखम छोटी असेल, पटलाला नुसते भोक पडले असेल, तर पेशी ते सांधू शकते. आत शिरलेल्या कॅल्शियमच्या इशाऱ्यावर स्निग्ध पडद्याच्या सूक्ष्म पिशव्या भोकाकडे येतात आणि ठिगळासारख्या बसतात. 2008 मध्ये जपानमध्ये गोठण्याने फाटलेल्या पटलांवर झालेल्या प्रयोगांत ही दुरुस्ती कॅल्शियमवर अवलंबून असल्याचे दिसले.

प्राण्यांच्या जखमेत पेशी सरकत येऊन खळगा भरतात. वनस्पतीच्या पेशी भिंतींनी जखडलेल्या असल्यामुळे जागा सोडू शकत नाहीत. मग शेजारची, बहुधा आतल्या बाजूची पेशी दुभंगते आणि नवी पेशी मेलेलीची जागा घेते. मोठ्या कापावर पुढच्या काही दिवसांत सुबेरिन आणि लिग्निन यांचा पाणी अडवणारा थर चढतो. ऑक्सिन हे संप्रेरक तुटलेल्या भागाच्या वर साठते आणि आतल्या थरातून नवी पांढरी मुळी फुटते. ही मुळी फुटली की रोपाने जीव धरला.

या सगळ्या कामाला चार गोष्टी लागतात: ओलावा, हवा, कॅल्शियम आणि थोडी उसंत. पुढचा सल्ला या चारांभोवतीच आहे.

उपटण्याआधी

लावणीच्या आधी आठवडाभर रोपवाटिकेचे पाणी थोडे थोडे कमी करा. रोप काटक होते. पण उपटण्याच्या आदल्या संध्याकाळी किंवा काही तास आधी वाफा नीट भिजवा, म्हणजे उपटताना माती वाफशावर, भुसभुशीत असेल. कोरड्या मातीत मुळे तुटतात. चिखलात ती चिखलाला चिकटून ओढली जातात.

रोप शेंड्याला धरून ओढू नका. खुरप्याने किंवा पातळ पातीने खालून माती सैल करा, बुंध्याजवळ हलक्या हाताने धरा आणि मातीसकट वर घ्या. मुळांवरचे मूलरोम, म्हणजे पाणी शोषणारे बारीक केस, प्रत्येकी एकाच पेशीचे असतात. एक केस तुटला म्हणजे एक पटल फाटले. मुळाभोवती मातीचा पातळ गोळा राहिला तरी असे हजारो केस वाचतात.

रोपाचे वय पाळा. टोमॅटोची रोपे साधारण 25 ते 30 दिवसांची, वांगी-मिरचीची 5 ते 6 आठवड्यांची लावावीत. जून रोपांची मुळे लांब आणि जाड झालेली असतात. ती जास्त तुटतात आणि नवी मुळी फुटायला उशीर लागतो. कोकोपीट भरलेल्या प्रो-ट्रेमधली रोपे मुळासकट निघतात, हा त्यांचा मोठा फायदा. मात्र ट्रेमध्ये रोपे जास्त दिवस ठेवली तर मुळे कपात गोल गोल फिरतात आणि लावल्यावरही गुंडाळलेलीच राहतात.

उपटल्यापासून लावेपर्यंत

उघड्या मुळाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे वारा. जखमी पेशी आधीच रस गमावत असतात. त्यात वारा लागला की शाबूत मूलरोमही काही मिनिटांत सुकतात आणि त्यांचीही पटले फाटतात. म्हणून रोपे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा आणि तासाभरात लावता येतील तेवढीच उपटा. ती बादलीभर पाण्यात तासन् तास बुडवून ठेवू नका. साचलेल्या पाण्यात हवा कमी पडते, मुळाच्या ऊर्जेचे काम मंदावते आणि पटलांची दुरुस्ती रखडते.

भाताच्या लावणीत एक सवय जुनी आहे. कोकणात आणि मावळात तरवा काढताना जुडी पायावर किंवा बांधावर आपटून चिखल झाडतात. या प्रत्येक आपटण्यात मुळे ठेचली जातात. ठेचलेले मूळ कापलेल्या मुळापेक्षा वाईट, कारण त्यातल्या फाटलेल्या पेशींची संख्या कितीतरी जास्त असते. चिखल पाण्यात हलवून धुवा आणि थोडा राहिला तर राहू द्या. श्री पद्धतीत 8 ते 12 दिवसांची कोवळी रोपे मातीसकट लावतात. त्यामागचे एक कारण हेच की त्यांची मुळे फारशी दुखावत नाहीत आणि रोप लवकर वाढीला लागते.

लांब लोंबणारे, ठेचलेले किंवा काळे पडलेले मूळ असेल तर धारदार कात्रीने किंवा पात्याने स्वच्छ कापा. एक नीट काप लवकर भरतो, फाटलेली चिंधी कुजते. कात्री मध्ये मध्ये सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा. लावण्याआधी मुळे ट्रायकोडर्माच्या द्रावणात बुडवणे उपयोगी आहे. ही मित्रबुरशी जखमेवर आधी बसली तर मर रोगाच्या बुरशीला जागा कमी मिळते. मात्र तिच्यासोबत रासायनिक बुरशीनाशक वापरू नका.

लावणी संध्याकाळी करा. रात्रभर पानांतून पाणी कमी उडते आणि मुळाला दुरुस्तीसाठी बारा तास मिळतात. रोपाभोवतीची माती बोटांनी हलकेच दाबा, टाचेने तुडवू नका.

लावल्यानंतरचा पहिला आठवडा

लावताच हलके पाणी द्या, म्हणजे मुळाभोवतीच्या पोकळ्या मातीने भरतील. तीन-चार दिवसांनी आंबवणीचे पाणी द्या, तेही बेताचे. पाने मलूल दिसली की आपण घाईने पाणी सोडतो, पण मलूलपणाचे कारण पुष्कळदा पाण्याची उणीव नसते. मुळाकडे ते उचलायला शाबूत पेशी कमी असतात, म्हणून पान लवते. अशा वेळी सरी तुडुंब भरली तर मातीतली हवा निघून जाते, मुळातले पंप मंदावतात आणि बरी होत आलेली पेशीही मरते. बोट मातीत खुपसून पाहा. आत ओल असेल तर पाण्याऐवजी सावली द्या. दोन-तीन दिवस पळसाची किंवा सुबाभळीची फांदी उन्हाच्या बाजूला खोचली तरी मोठा फरक पडतो.

खताची घाई करू नका. लावणीच्या दिवशी मुळाला लागून युरिया किंवा विद्राव्य खत टाकले, तर तिथल्या पाण्यात क्षार वाढतात आणि उघड्या जखमेतून पेशीतले पाणी बाहेर खेचले जाते. चांगले कुजलेले शेणखत आधीच मातीत मिसळलेले असावे. रासायनिक खताचा पहिला हप्ता नवी मुळी दिसल्यावर, बुंध्यापासून थोडे अंतर ठेवून द्या.

उभ्या पिकात आणि बागेत

कोळपणी आणि खुरपणी उथळ ठेवा. सोयाबीनला पहिली कोळपणी दोन-तीन आठवड्यांनी आणि दुसरी साधारण पाच आठवड्यांपर्यंत उरकावी. फुलोरा सुरू झाल्यावर कोळपे घालू नये. तोवर मुळे ओळींच्या मधल्या जागेत पसरलेली असतात. फुले-शेंगांना अन्न लागते त्याच वेळी मूळ जखमा भरण्यात गुंतले, तर फुलगळ वाढते.

बागायतदारांचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे जखम मुद्दाम केली जाते. बहार धरताना ताण देतात, मशागत करतात, काही ठिकाणी मुळे उघडी करून बारीक मुळ्या छाटतात. भारी जमिनीत हा जुना उपाय आहे. हलक्या, मुरमाड जमिनीत नुसते पाणी तोडले तरी ताण बसतो, तिथे मुळे उघडी करण्याचे धाडस नको. नागपूर भागात संत्र्याच्या अन्न घेणाऱ्या मुळ्या बहुतेक वरच्या एक-दीड फुटात असतात. फळझाडाच्या घेरात खोल नांगर गेला की एकाच दिवसात हजारो जखमा होतात. त्यानंतर पाऊस लागून पाणी साचले तर डिंक्याला आणि मूळकुजीला कारणीभूत असलेल्या फायटोफ्थोराला वाट मोकळी मिळते.

सोलापूर, सांगली आणि नाशिकच्या डाळिंब बागांत सेराटोसिस्टिस बुरशीमुळे येणारी मर अनेकांनी पाहिली आहे. ही बुरशी जखमांतून शिरते. रोगट झाडाजवळ चाललेली कुदळ किंवा कात्री तशीच निरोगी झाडाकडे नेणे म्हणजे रोग हाताने पेरणे आहे. मुळांत सूत्रकृमी असतील तर त्यांच्या तोंडाच्या सुईने झालेल्या जखमाही मर रोगाला दार उघडतात. म्हणून माती तपासताना सूत्रकृमीही तपासून घ्या. मशागत करायचीच तर ती वाफशावर, उथळ आणि खोडापासून दूर करा, आणि त्यानंतर लगेच जड पाणी सोडू नका.

द्राक्षबागेत शेणखतासाठी चारी घेताना वेलीच्या एकाच बाजूला घ्या, दुसरी बाजू पुढच्या वर्षी. निम्मी मुळे शाबूत असली की ती वेलीला पाजत राहतात आणि तुटलेल्या बाजूला पांढरी मुळी फुटायला वेळ मिळतो.

जमीन पाहून औषध

पटल घट्ट राहायलाही कॅल्शियम लागते. ते स्निग्ध रेणूंना एकमेकांशी बांधून ठेवते. खारवट-चोपण जमिनीत सोडियम वाढतो, पटलावरच्या कॅल्शियमची जागा घेतो आणि पेशीतून पोटॅशियम झिरपू लागते. म्हणून अशा जमिनीत किरकोळ जखमही रोपाला जड जाते. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या ऊसपट्ट्यात ही अडचण ओळखीची आहे. तिथे माती परीक्षणानुसार जिप्सम द्या आणि पाण्याचा निचरा करा. निचऱ्याविना जिप्समचा उपयोग होत नाही, कारण सुटलेला सोडियम वाहून जायला वाट हवी.

कोकणातल्या तांबड्या, आम्लधर्मी जमिनीत कॅल्शियम मुळातच कमी असते. तिथे परीक्षणानुसार चुना हितकारक ठरतो. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत मात्र कॅल्शियम भरपूर असते. तिथे कॅल्शियमच्या बाटल्यांवर पैसे घालण्यापेक्षा गादीवाफा उंच करून मुळाला हवा देणे जास्त मोलाचे आहे.

पांढरी मुळी पाहायला शिका

लावणीनंतर पाच-सहा दिवसांनी शेताच्या चार कोपऱ्यांतून एकेक रोप अलगद मातीसकट उचला आणि मूळ पाण्यात हलवून पाहा. जुने मूळ तपकिरी झाले असेल तर घाबरू नका, तो जखमेवरचा संरक्षक थर असू शकतो. बोटांत धरल्यावर मूळ टणक लागते का, ते पाहा. मऊ, बुळबुळीत आणि वास येणारे मूळ कुजलेले असते. मग कापाच्या वरच्या बाजूला पांढरी, चकचकीत टोके शोधा. चारपैकी तीन रोपांत ती दिसली तर पाणी नेहमीसारखे करा आणि खताचा हप्ता द्या. दिसली नाहीत तर आणखी थांबा, ओल आणि निचरा तपासा. सुकलेल्या रोपांच्या जागी नांग्या भरायच्या त्या आठवड्याभरातच, म्हणजे पीक एकसारखे राहील.

त्या पांढऱ्या टोकाच्या जरा मागे मूलरोमांचा नवा झुबका आलेला असतो. त्यातल्या प्रत्येक पेशीने आपले पटल पुन्हा ताणून भरलेले असते, पंप सुरू केलेले असतात आणि जमिनीतले पाणी आत ओढायला घेतलेले असते. आपले आजी-आजोबा "जीव धरला" म्हणायचे ते पानाकडे पाहून. पान त्यांना खरेच सांगत होते, फक्त एक-दोन दिवस उशिरा. मूळ तेच आधी सांगते. म्हणून या हंगामात निदान चार रोपे उचलून पाहा.